व्याकरण इंग्रजी, पण भाषा रोमानींचीच

नमस्कार. इंग्लंडमधल्या रोमानी लोकांच्या, म्हणजे मूळच्या भारतातल्या जिप्सींच्या, अँग्लोरोमानी या भाषेवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुम्ही म्हणता, इंग्रजी वाक्यात चार रोमानी शब्द कोंबले म्हणून भाषा होत नाही. ही चोरांची सांकेतिक बोली आहे आणि मूळ भाषा या लोकांनी स्वतःच टाकून दिली.

व्याकरण इंग्रजी आहे, हे खरंच. 'द मुश जेल्ड टू द गाव', म्हणजे माणूस गावात गेला. भूतकाळाचा प्रत्यय इंग्रजी, शब्दक्रमही इंग्रजी. पण मुश, जेल आणि गाव हे अर्थ वाहणारे तिन्ही शब्द रोमानी, आणि गाव तर आपल्यालाही ओळखीचा. शेजारच्या इंग्रजाला यातलं काय कळणार? आपण 'स्टेशन' उसना घेतला तो नव्या गोष्टीसाठी. पाणी, कुत्रा हे शब्द सोडले नाहीत. इथेही 'पानी', 'जुकेल' असे घरातले शब्द जिवापाड जपले गेले, बदललं ते त्यांच्याभोवतीचं व्याकरण. स्पेनमधल्या रोमानींच्या कालो भाषेतही तेच. 'कामेलार' म्हणजे प्रेम करणं. धातू रोमानी, पण रूपं कामेलो, कामेलास, कामेला अशी स्पॅनिश थाटाची. आर्मेनियातल्या, मूळ भारतीयच असलेल्या लोम लोकांची लोमाव्रेन भाषाही अशीच, आर्मेनियन व्याकरणावर उभी. इतक्या दूरदूरच्या समाजांत एकच घडण दिसते, तिला कोंबाकोंबी कसं म्हणायचं?

'टाकून दिली' हे मात्र मला फार लागलं. इंग्लंडच्या 1554च्या कायद्यात देश न सोडणाऱ्या 'इजिप्शियनां'ना, म्हणजे याच लोकांना, मृत्युदंड होता. स्पेनमध्ये 1783च्या फर्मानाने त्यांच्या भाषेवरच बंदी आली. कायद्याने एका रात्रीत भाषा मरत नाही, पण अशा धाकात ती मुलांना उघडपणे कोण शिकवेल? वेल्समध्ये वुड घराण्यात रोमानी विभक्ती-प्रत्ययांसकट 20व्या शतकापर्यंत टिकली; भाषाअभ्यासक जॉन सॅम्प्सन यांनी 1926 साली तिचं व्याकरण आणि कोश छापला. म्हणजे जिथे जमलं तिथे त्यांनी ती राखलीच.

परक्यांपासून लपवायला अँग्लोरोमानी वापरतात, हे मान्य. घोड्यांच्या बाजारात सौदा ठरवताना कुणीही आडून बोलेल. पण तीच घरात पोरांना दटावायला, आपसातल्या थट्टेला, पोलीस आला की सावध करायलाही लागते. याला चोरी म्हणणं अन्याय आहे.

स्वीडनने 2000 साली रोमानीला राष्ट्रीय अल्पसंख्याक भाषेचा दर्जा दिला, तेव्हा तिथल्या भटक्यांची स्वीडिश व्याकरणावर चालणारी रोमानीही त्यात धरली आहे.