मारवा शाल-श्रीफळात गेला

डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय. शास्त्रीय गाण्याच्या बैठकीच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं "सायंकाळी ६ वाजता". अंबाजोगाईतल्या एका जुन्या वाड्याचा चौक, खाली सतरंज्या, शंभर माणसंही दाटीवाटीनंच बसतील एवढीच जागा. गायिका पुण्याहून आलेल्या. आणि त्यांचा पहिला सूर लागला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. मधला सगळा वेळ प्रमुख पाहुण्यांची वाट बघण्यात आणि ते आल्यावर त्यांचं ऐकण्यात गेला.

साथीदार वेळेच्या आधीच येऊन बसले होते. आतल्या खोलीत तंबोरे लागत होते ते बाहेर दारालगतच्या ढाळजेत ऐकू येत होतं. पहिली तार नेहमीच्या पंचमात ('प') नाही, निषादात ('नी') लावलेली. ज्याला थोडंफार गाणं कळतं त्याला यावरून अंदाज येतोच, की पंचम नसलेला राग येणार. आणि दिवेलागणीची वेळ म्हणजे राग मारवा नाहीतर पूरिया. माझ्या शेजारी केजहून आलेले एक निवृत्त गुरुजी होते, आयुष्यभर शाळेत पेटी वाजवलेला माणूस. ते डोळे मिटूनच म्हणाले, "मारवाच."

डिसेंबरात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यमाचं ते गाणं त्याच घटकेचं. षड्ज समोर दिसत असतो, पण गाणारा त्यावर टेकत नाही. रिषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. रेकॉर्डिंगं मोबाइलवर ढीगभर आहेत हो. पण समोर, हाताच्या अंतरावर बसून मारवा ऐकायला मिळणं आमच्याकडं किती दुर्मीळ आहे ते इथं राहणाऱ्याला विचारा.

पाहुणे सव्वासातला आले. मग दीपप्रज्वलन. मग प्रास्ताविक. मग सत्कार, आणि सत्कार तरी किती जणांचे! पाहुण्यांचा, पाहुण्यांसोबत आलेल्यांचा, जागा देणाऱ्यांचा, मांडववाल्याचा, ज्यांनी सत्कार केले त्यांचाही. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि प्रत्येक वेळी फोटोसाठी थांबायचं. फोटो नीट आला नाही म्हणून एक शाल काढून पुन्हा पांघरली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि भाषण कशावर, तर मराठवाड्याच्या संगीत परंपरेवर. देवगिरीला यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, ही आद्यकवी मुकुंदराजांची भूमी, ही संतकवी दासोपंतांची भूमी. सगळं खरं आहे. खरं आहे म्हणूनच तर तळपायाची आग मस्तकात जाते! ज्या मातीतून तो ग्रंथ आला तिथं गाणारं माणूस आत दोन तास गळा धरून बसलंय आणि तुम्ही माइकवर शार्ङ्गदेवाचं नाव घेताय. भाषण संपलं तसे पाहुणे उठले. "पुढचा कार्यक्रम आहे." त्यांच्यासोबत त्यांची सगळी माणसं उठली. पुढच्या दोन रांगा रिकाम्या. एक आलाप ऐकला नाही त्यांनी.

मग बाई बैठकीवर आल्या. घड्याळाकडं बघितलं आणि मागं वळून तंबोऱ्यावरच्या मुलीला हळूच म्हणाल्या, "निषाद नको आता. पंचमात घे." ती मुलगी एकदम गप्प झाली. तिनं खुंटी फिरवली, तार सैल केली, मणी सरकवला, जवारीचा दोरा हलवून बघितला. दिवेलागण कधीच टळली होती, मारवा गेला. तेवढ्यात सूत्रसंचालकानं पुन्हा माइक घेतला, "तोपर्यंत दोन शब्द..." आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अजून किती वेळ लावणार?" अरे, आता वेळ दिसला का तुला? सत्कार चालले होते तेव्हा कुठं गेला होता हा आवाज?

रात्रीचा राग बिहाग गायल्या. काय गायल्या म्हणून सांगू! विलंबित एकतालात मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, असा काही समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत होता की प्रत्येक वेळी अख्खा चौक एकदम "आहा" म्हणायचा. गंधारावर थांबल्या तेव्हा तंबोरे आणि गळा वेगळे ओळखू येईनात. साउंडवाल्यानं ठेवलेला एको त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत बंद करायला लावला, आणि खरं तर एवढ्याशा चौकात कर्ण्यांची गरजच नव्हती. हे गाणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि याच गाण्याच्या आधी मारवा ऐकायला मिळणार होता, हेही विसरणार नाही.

संथ लयीतला बडा ख्याल रंगात आलेला असताना केजचे गुरुजी उठले. शेवटची गाडी. चपला हातात घेऊन, वाकून, कुणाच्या आड येऊ नये म्हणून भिंतीला धरून ते निघाले. दारात थांबले, एक आवर्तन ऐकलं, मग गेले. परळीचे चारसहा जणही त्यांच्या मागोमाग. ज्यांच्यासाठी गाणं ठेवायचं ती ही माणसं. त्यांना एस.टी.च्या वेळेला बाहेर पडावं लागतं, आणि ज्यांच्याकडं गाडी आणि ड्रायव्हर आहे त्यांच्यासाठी आपण सव्वा तास थांबतो.

दहाला पोलिसांचा फोन. उघड्या जागेत रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, पोलिसांची काही चूक नाही. द्रुत बंदिश आटोपती घेतली, शेवटी गायच्या भैरवीच्या नावाखाली चार मिनिटांचा अभंग झाला. आभारप्रदर्शनाला मात्र वेळ होता! तेवढ्यासाठी दहाचे सव्वादहा झालेले चालले.

आयोजकांना विचारलं तर म्हणे, "पाहुणे वर्गणी देतात, मान तर राखावाच लागतो." राखा की. भैरवी झाल्यावर राखा, मध्यंतरात राखा, दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन शाल पांघरा. वर म्हणे, "इथं गाणं ऐकणारे आहेतच किती?" ज्या मराठवाड्यात गायक नाथराव नेरळकरांनी आयुष्य घालवून शिष्य तयार केले तिथं हे बोलता? ऐकणारे सहाला येऊन सतरंजीवर बसले होते. पत्रिकेतल्या वेळेवर आलेले तेवढेच होते.

पुढच्या पत्रिकेवर गाणं सुरू होण्याची वेळ छापा आणि त्या वेळेला गाणं सुरू करा. पाहुणे आले नसतील तर त्यांच्यावाचून करा.