परंपरा म्हणे, परंपरा!

सकाळी सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकानं ऑगस्टा नॅशनलचा, म्हणजे अमेरिकेतल्या त्या बड्या गोल्फ क्लबाचा व्हिडिओ टाकला. हिरवंगार गवत, फुललेली झाडं, मागं पियानो, आणि खाली कॅप्शन, "याला म्हणतात शिस्त आणि परंपरा, आपल्याकडं कधी होणार?" त्यावर अंगठ्यांची रांग. चहा गार झाला माझा आणि डोकं तापलं.

मला लगेच एक कॅडी आठवला, कॅडी म्हणजे गोल्फ खेळणाऱ्याची बॅग वाहणारा माणूस. फौंड्रीच्या कामासाठी कस्टमरच्या साहेबांनी एकदा त्यांच्या क्लबात बोलावलं होतं, शहराचं नाव सांगत नाही. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, आपलं मागं मागं फिरत होतो. बॅग घेऊन चालणारा माणूस आपल्या चंदगडकडचा निघाला. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर आलं की हा गडी उकिडवा बसायचा, गवतावरनं तळवा फिरवायचा, गवत कुठल्या अंगाला झोपलंय ते बघायचा आणि हळूच म्हणायचा, "साहेब, डावीकडनं धरा, उतार दिसत न्हाई पण हाय." साहेबांनी तसा मारला, बॉल गेला आत, आणि सगळ्यांनी टाळ्या साहेबांना!

तर ऑगस्टा. बॉबी जोन्स या अमेरिकन गोल्फरनं 1930 मध्ये एकाच वर्षात त्यावेळच्या चारही मोठ्या स्पर्धा मारल्या, रिटायर झाला, आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स नावाच्या वॉल स्ट्रीटवाल्याला धरून जॉर्जियातली जुनी फ्रूटलँड नर्सरी घेतली, 365 एकर. म्हणून तिथल्या प्रत्येक होलला झाडाफुलाचं नाव आहे. कोर्स, म्हणजे खेळायचं मैदान, आखलं ॲलिस्टर मॅकेन्झीनं, तो बिचारा 1934 च्या जानेवारीत गेला, तिथली पहिली स्पर्धा, जिला आता मास्टर्स म्हणतात, झाली मार्चमध्ये, आणि त्याची फीसुद्धा पुरती मिळाली नव्हती. हे पियानोवाल्या व्हिडिओत येत नाही.

आणि शिस्त? 1982 पर्यंत मास्टर्स खेळायला येणाऱ्यानं क्लबाचाच कॅडी घ्यायचा असा नियम, आणि ते कॅडी सगळे काळे. मास्टर्समध्ये पहिला काळा खेळाडू ली एल्डर, साल 1975. पहिला काळा मेंबर 1990, तेसुद्धा त्या वर्षी शोल क्रीक नावाचा दुसराच क्लब काळे मेंबर घेत नाही म्हणून बोंबाबोंब झाल्यावर. बायका मेंबर झाल्या 2012 मध्ये! म्हणजे चाळीस वर्षं काळा माणूस तिथं बॅग घेऊन चालला, कुठला उतार कसा फसवतो ते त्याला पाठ, पण स्पर्धेत काठी हातात धरायची सोय नाही. शाहू महाराजांनी 1902 ला निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि गंगाराम कांबळे या दलित माणसाच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा प्यायले, त्या कोल्हापुरात राहून आपण या असल्या शिस्तीला लाईकचे अंगठे द्यायचे? खासबाग मैदान 1912 चं आहे, तिथं कुस्ती बघायला आलेल्याला कुणी विचारलंय का, तुमची शिफारस कुणाची म्हणून?

बरं, मान्य, कोर्स देखणा आहे. स्पर्धेच्या दिवसांत सँडविच दीड डॉलरला देतात, तेही मान्य. ली एल्डरला 2021 मध्ये मानानं बोलावलं, पहिला फटका जिथनं मारतात त्या टीवर बसवलं. तोवर म्हातारा इतका थकला होता की शॉटसुद्धा मारता आला नाही, त्याच वर्षी गेला.

त्या चंदगडच्या गड्याला मी विचारलं होतं, तू खेळतोस का. म्हणाला, "सोमवारी कोर्स बंद असतंय, तवा आमाला सोडत्यात." साहेबांच्यापेक्षा बरा खेळत असणार, पैज लावतो. खेळ संपल्यावर आम्ही व्हरांड्यात लाइम सोडा घेत बसलो आणि हा मागच्या शेडकडं वळला, कुणी थांब म्हणायच्या आधी स्वतःच वळला. मी पण काही बोललो नाही, ऑर्डर हवी होती ना.

आता जरा राग उतरलाय तर एक चांगली गोष्ट पण सांगतो. कार्ल जॅक्सन, ऑगस्टाचाच काळा कॅडी. 1983 पासून बाहेरचे कॅडी चालायला लागले तरी बेन क्रेनशॉ या गोल्फरनं त्याला सोडलं नाही. 1995 ला क्रेनशॉचा गुरू मास्टर्स सुरू व्हायच्या चार दिवस आधी वारला, गडी पार ढेपाळला होता, प्रॅक्टिसला जॅक्सन म्हणाला, बॉल थोडा मागं घे आणि खांदा नीट फिरव. एवढंच. क्रेनशॉ मास्टर्स जिंकला, एका शॉटनं. शेवटचा बॉल भोकात गेल्यावर तो तिथंच वाकून रडायला लागला तेव्हा मागनं येऊन सावरणारा जॅक्सनच. तो फोटो बघा एकदा, पियानोची गरज पडत नाही.

आपल्याकडचा अली शेर पण दिल्ली गोल्फ क्लबात कॅडीच होता, 1991 ला इंडियन ओपन मारली त्यानं. त्याचा व्हिडिओ कुठल्या ग्रुपवर आलाय का आजवर?

आणि "तू कधी गोल्फ खेळलायस का" विचारणाऱ्यांना आधीच सांगतो, नाही. पण तुमच्यातल्या कुणी, किंवा घरातल्या कुणी, कुठल्या क्लबात कॅडीचं काम केलं असेल तर खाली लिहा, सविस्तर लिहा. साहेब लोकांचे अनुभव नकोत, ते ऐकून झालेत.