केमो थांबवू नकोस, तो मेसेज खोटा आहे

माझ्या मावसबहिणीचा चार वर्षांचा मुलगा न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कर्करोगाशी झुंजतोय. काल रात्री साडेअकराला तिने एक फॉरवर्ड पाठवला. 'मुलाच्याच पेशी बदलून गाठ विरघळवतात. एक सुई पुरते. केमो नको, ऑपरेशन नको, साइड इफेक्ट शून्य. डॉक्टर हे दडवून ठेवतात.' खाली तिचा प्रश्न: "गुरुवारची केमो थांबवू का?"

हे लिहिणाऱ्याला त्या प्रश्नाचं वजन कळतं का?

आधी 'केमो नको' हेच घेऊ. या उपचाराला कार-टी म्हणतात. मुलाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, गाठीवरची खूण ओळखता येईल असा बदल प्रयोगशाळेत करायचा, त्यांची संख्या वाढवायची आणि परत सोडायच्या. यात आठवडे जातात. आणि त्या सोडण्याआधी शरीरात त्यांना जागा व्हावी म्हणून सहसा काय देतात? केमोच! फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड. शिवाय अंगात आजार कमी असलेल्या मुलांना कार-टीचा गुण जास्त आलेला दिसलाय. म्हणजे हा मेसेज वाचून केमो सोडली, तर गाठ वाढेल आणि ज्या उपचाराची आशा दाखवली त्याचीच संधी आक्रसेल.

यात थोडं खरं आहे, तेही सांगते. रोमच्या बाम्बिनो जेझू रुग्णालयाचा अभ्यास २०२३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींवर जीडी-२ नावाची खूण असते, तिच्यावर नेम धरलेल्या कार-टी पेशी २७ मुलांना दिल्या. १७ जणांना गुण आला, त्यातल्या ९ जणांत आजार दिसेनासा झाला. पण ही बहुतेक मुलं नेहमीचे उपचार घेऊनही आजार न हटलेली किंवा उलटलेली होती. आणि ठरलेला डोस मिळालेल्यांतही तीन वर्षं आजार न उलटता राहिलेली ३६ टक्के. मोठी गोष्ट आहे, पण 'एक सुई पुरते' नव्हे.

साइड इफेक्ट शून्य? त्याच २७ पैकी २० जणांना सायटोकाइन रिलीज सिंड्रोम झाला, म्हणजे प्रतिकारशक्ती एकदम भडकून ताप वगैरे येणं. बहुतेकांचा सौम्य होता, पण पेशी हाताबाहेर गेल्या तर मारता याव्यात म्हणून त्यांच्यात मुद्दाम एक 'स्विच' बसवला होता.

दडवलंय म्हणे. जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय.

ताई, गुरुवारी त्याला घेऊन जा. डॉक्टरांना एवढंच विचार, पुढे गरज पडली तर जीडी-२ कार-टीच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये तो बसेल का?