फ्रेजल व्हर्बच्या त्या याद्या आधी फेकून द्या

इंग्रजी क्रियापदाला 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ येतो, तो फ्रेजल व्हर्ब. ते शिकवायला मुलांच्या हाती ज्या याद्या देतात, त्या बघून डोकं फिरतं. डावीकडे 'गिव्ह अप', उजवीकडे 'सोडून देणे'. डावीकडे 'पुट ऑफ', उजवीकडे 'पुढे ढकलणे'. अशा शंभर जोड्या घोकायला लावायच्या आणि म्हणायचं, झाले फ्रेजल व्हर्ब शिकवून. डोंबल झाले!

'गो ऑफ' घ्या. यादीत अर्थ असतो 'बंद होणे'. दिव्यांच्या बाबतीत खरं आहे, 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले. पण 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला. नेमकं उलटं! दूध 'गो ऑफ' झालं तर नासतं, बॉम्ब झाला तर फुटतो. अर्थ कर्त्यावर ठरतो आणि यादीत कर्त्याचा पत्ताच नाही. मग मुलाने 'अलार्म बंद झाला' असं लिहिलं की त्याचे मार्क कापायचे. का? त्याला दिलं होतं तेच त्याने लिहिलं ना?

शब्दांच्या जागेबद्दल तर अवाक्षर नाही. 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ'ही चालतं. पंख्याच्या जागी 'इट' आलं की मात्र 'टर्न इट ऑफ' एवढंच बरोबर, 'टर्न ऑफ इट' साफ चूक. 'लुक आफ्टर'चं, म्हणजे सांभाळण्याचं, तसं नाही, ते तुटतच नाही: 'लुक आफ्टर हर'. यादीत नुसतं 'टर्न समथिंग ऑफ' आणि 'लुक आफ्टर समवन' असं छापलं तरी हा फरक दिसतो. एका जादा शब्दाची जागा लागते, तेवढीही देववत नाही यांना.

'लुक फॉरवर्ड टू', म्हणजे आतुरतेने वाट पाहणे, हे तर घरोघरी चुकतं. इथला 'टू' शब्दयोगी आहे, म्हणून पुढे 'मीटिंग यू' येतं, 'मीट यू' नाही. हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं.

आणि सगळ्यात चीड आणणारं वाक्य: 'याला काही नियम नाही, पाठ करा.' अहो, 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' या तिन्हींत 'अप' म्हणजे पार संपेपर्यंत. मराठीत आपण 'खा' आणि 'खाऊन टाक' यात हाच फरक करतो. त्या 'टाक'मध्ये टाकण्याचा अर्थ कुठे उरलाय? मराठी बोलणाऱ्याला ही युक्ती जन्मापासून येते, आणि तिचाच आधार घ्यायचा नाही म्हणजे काय! सगळीकडे ती लागू पडत नाही, मान्य. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, हे त्यातल्या तीन शब्दांवरून कुणालाच उमगणार नाही. ते पूर्ण वाक्यातच शिकावं लागतं: 'आय कान्ट पुट अप विथ धिस नॉइज.' कोण, काय, कशाबद्दल, सगळं त्यात आलं. आठवड्याला अशी पाच वाक्यं द्या, त्यांत एकदा नाम आणि एकदा 'इट' घालून बोलून घ्या. शंभराची यादी नको.