गाडीतलं वायफाय म्हणजे फुकटचं नेट नव्हे
ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की वायरलेस अँड्रॉइड ऑटोवाल्या (म्हणजे फोनचे मॅप, गाणी वायरशिवाय गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या) गाडीत फुकट वायफाय मिळतं, घरचं फायबर नेट काढून टाका. अहो असं काही नसतं! ते वायफाय फक्त फोन आणि स्क्रीन जोडायला, मॅप, गाणी सगळं फोनच्याच सिमवर चालतं, म्हणून तर घाटात रेंज गेली की बाण पुढे सरकतो आणि खाली रस्ताच दिसत नाही (घरूनच ऑफलाइन मॅप डाउनलोड करून निघा). आणि त्या फॉरवर्डमध्ये जिओ फायबर महिना 399 ला लिहिलंय, ते पण अर्धवट, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे बिल 471 च्या आसपास, स्पीड 30 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे फाइल उतरवताना सेकंदाला जेमतेम पावणेचार एमबी. तरी घरात दोन-तीन जण असतील तर रोजच्या 2 जीबीवाल्या मोबाइल पॅकपेक्षा फायबरच परवडतं.