विचारलंस का?

मी नऊ वर्षांची होते. शाळेतून खडकीच्या घरी आले तर दार उघडं, चहाचं पातेलं ओट्यावर तसंच, आणि आईचा पत्ता नाही. दुसऱ्या कुठल्याही मुलीने हाका मारल्या असत्या. मला वाटलं, येशू येऊन गेला. आमच्याकडे शिकवायचे तसे विश्वासी लोक वर स्वर्गात उचलले गेले आणि मी मागे राहिले, कारण आदल्या दिवशी मी आईशी खोटं बोलले होते. शेजारच्या काकूंकडे जाऊन उपयोग नव्हता. त्या विश्वासी नव्हत्या, त्या घरी असणारच. मी पळत सुटले ती पास्टरांच्या घरी. ते दारात चपला घालत होते. त्यांना बघितलं आणि मला रडू फुटलं. आई गिरणीत गेली होती.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, छोटी, स्वतंत्र, दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी. पुण्यातल्या सगळ्या ख्रिस्ती मुलींचं बालपण असं नव्हतं. सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात तर बायकांना पाळकपदाची दीक्षाही मिळते. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे 'ख्रिस्ती' म्हटलं की सगळ्यांना एकाच मापाने मोजतात. आमच्याकडे मात्र केस कापायचे नाहीत, उपासनेत डोक्यावर ओढणी, दागिना नाही. माझ्या कानांची भोकं बुजून गेली. बाराव्या वर्षी फ्रॉकच्या बाह्या लांब झाल्या, 'भाऊ अडखळू नयेत', म्हणजे मंडळीतल्या पुरुषांना मोह होऊ नये म्हणून. बायबलमधलं इफिसकरांस पत्र, अध्याय पाच, वचन बावीस तोंडपाठ होतं: पत्नींनी पतीच्या अधीन असावं. त्याच्या लगेच आधीचं, 'एकमेकांच्या अधीन असा' हे वचन मी नीट वाचलं ते चौतिसाव्या वर्षी, टेक्सासमध्ये.

माझी श्रद्धा गेली नाही, मी आजही रोज प्रार्थना करते. गेली ती ठरवण्याची सवय. इथे नोकरी बदलायची वेळ आली तेव्हा पगार, अंतर, काम सगळं जुळत होतं, आणि तरी मी तीन आठवडे ते पत्र उघडून बसायचे. कुणीतरी 'कर' म्हणावं म्हणून. डॉक्टरांनी 'कुठे दुखतंय?' विचारलं तरी माझी नजर आधी नवऱ्याकडे जायची.

ऑफिसातली एक मैत्रीण शाळेत कधी गेलीच नाही, घरीच शिकली. तिने एकदा कागदावर छत्र्या काढून दाखवल्या. सगळ्यात मोठी ख्रिस्ताची, तिच्याखाली नवऱ्याची, तिच्याखाली बायकोची, आणि खाली मुलं. छत्रीबाहेर पाऊल टाकलं की सैतानाच्या तावडीत. आमच्याकडे हे चित्र नव्हतं, पण मी ते बघताक्षणी ओळखलं. इथल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने, म्हणजे बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या मोठ्या संघाने, १९९८ मध्ये पत्नीने पतीच्या अधीन राहावं हे आपल्या श्रद्धापत्रकात घातलं, २००० मध्ये पाळकपद फक्त पुरुषांसाठी ठेवलं, आणि २०२३ मध्ये स्त्री पाळक ठेवणाऱ्या मंडळ्यांना बाहेर काढलं. त्याच संस्थेत लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी करणाऱ्यांना जवळजवळ दोन दशकं टोलवत ठेवलं होतं, हे २०२२ च्या अहवालात उघड झालं. ख्रिस्ती बहुसंख्य आहेत त्या देशात हे सांगायला बायकांना इतकी वर्षं लागली.

मग पुण्यातली मुलगी कशी बोलणार? तिने तोंड उघडलं तर 'बघा, ख्रिस्ती असेच, आम्ही म्हणतच होतो' म्हणणारे टपलेले असतात. म्हणून ती गप्प बसते, आणि मंडळीला तेच हवं असतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सक्तीच्या धर्मांतराविरुद्धच्या कायद्यासाठी समिती नेमली, तेव्हापासून माझ्या शाळेच्या ग्रुपवर हाच वाद पेटतो. दोन्ही बाजूंच्या मैत्रिणी आहेत. कायदा हवा म्हणणारीला मुलींची खरी काळजी आहे, हे मी मानते. पण उत्तर प्रदेशचा २०२१ चा कायदा बघा. धर्म बदलायचा तर ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, आणि तक्रार आईबाप किंवा भाऊही करू शकतात. सज्ञान बाईने ठरवलं ते तिनेच ठरवलं, यावर विश्वास ना पास्टरांचा, ना सरकारचा. छत्र्यांत आणखी एकीची भर.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. दोनच वर्षांत तिथल्या मठातल्या सिस्टरना त्यांनी पत्रातून ठणकावून कळवलं, की मोठ्या कष्टाने एका पुरोहितशाहीचं जोखड मी फेकलंय, आता पाद्री बोलतील तो शब्द देवाची आज्ञा मानून दुसरं घेणार नाही. आमच्या मंडळीत रमाबाईंचं नाव आदराने निघायचं, त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनला आम्हा मुलांना नेऊन आणलं होतं. हे पत्र मात्र कुणी सांगितलं नाही. आणि त्यांनी धर्म सोडला म्हणून ज्यांचा त्यांच्यावर राग आहे, तेही ते सांगत नाहीत.

गेल्या महिन्यात माझ्या वीस वर्षांच्या भाचीने कान टोचून घेतले. लक्ष्मी रोडवरून लगेच फोटो पाठवला, कानाची पाळी अजून लाल होती. मी उत्तर लिहायला घेतलं आणि बोटांनी आपोआप लिहिलं, 'आईला विचारलंस का?' ते पुसायला मला थोडा वेळ लागला.