तिकीट खिडकीवरची तोंडी परीक्षा

कालपासून डोकं फिरलंय. फ्रान्समधल्या लियोंच्या स्टेशनवर मी खिडकीशी जाऊन चांगलं घोटून घेतलेलं 'झ वे आ ग्रनोब्ल', म्हणजे मी ग्रनोब्ल गावी जातेय, असं म्हटलं, क्रियापद बरोबर, उच्चार बऱ्यापैकी, आणि त्या बाबाने मान वर न करता विचारलं, 'वन वे ऑर रिटर्न?' अरे! बाहेरून आलेले फ्रेंच शिकत नाहीत म्हणून हेच लोक नाकं मुरडणार, आणि शिकलं की ही तऱ्हा.

बरं, 'आले' म्हणजे जाणे, हे काय साधंसुधं प्रकरण आहे? शेवटी 'ईआर' ही अक्षरं येणारी बाकीची क्रियापदं गुमान एका साच्यात बसतात, हेच एक नाठाळ. मी, तू, तो यांना वे, वा, वा, मग आम्ही, तुम्ही आलं की एकदम आलों, आले, आणि ते म्हटलं की परत वों. भविष्यकाळात भलतंच, झिरे. लॅटिनमधली दोन-तीन वेगळी क्रियापदं एकात कोंबलीत म्हणे. (आपलं जातो-गेलो तरी कुठे सरळ आहे, पण ते फुकटात आलं.) निघताना 'जाते' नाही, 'येते' म्हणावं हे आईने डोक्यात भरवलेलं, त्यामुळे जायचं असताना 'आले' म्हणणं तेवढं पटकन जमलं.

तर माझ्या मागे एक आजीबाई, पिशवीतून मुंडकं काढलेलं कुत्रं. त्या खिडकीवर कडाडल्या, मादाम फ्रेंच बोलतायत, तुम्हीही फ्रेंच बोला! मला भरूनच आलं. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या, बोट वर. 'ए नू?' (आणि आम्ही?) मी म्हटलं, नूझालों. 'ए वू?' (आणि तुम्ही?) वूझाले. मागचा सॅकवाला पोरगा हळूच 'इल वों' पुटपुटला, त्याला डोळे वटारून गप्प केलं. मग 'इल फो क...' (पाहिजेच...) म्हणून भुवया उंचावून थांबल्या. झाय (मी जायला)! मी ओरडलेच, कारण मला खरंच जायचं होतं हो, गाडी लागलेली. पण नाही, आता 'गेले' लिहून दाखव. बाई गेली तर शेवटी आणखी एक 'ई' लागतो, जो कुणाच्या कानाला ऐकू येत नाही, तो त्यांनी कसल्याशा पावतीच्या मागे पेनने दोनदा गिरवला. खिडकीतला बाबा मोबाईल बघत होता.

शेवटी म्हणतात कशा, 'नूझालों' हल्ली बोलताना कोण म्हणतं, 'ओं नी वा', चला जाऊया, म्हणायचं! मग अख्खा हिवाळा मी ते 'नू' कशाला पाठ केलं? आणि कुत्र्याला 'ओं नी वा' म्हणत त्या सरळ माझ्या पुढे खिडकीशी. म्हातारपणाची सवलत, ते कार्ड सापडेना, वर कुत्र्याचं वेगळं तिकीट. ग्रनोब्लची गाडी गेली.